निधान, मॅडम, निधान!

साठाव्या वाढदिवसाला लेकीनं एक पाकीट हातात ठेवलं. मला वाटलं, साडीचं कूपन असेल, नाहीतर तिरुपतीच्या गाडीची तिकिटं. उघडून पाहिलं तर आत एक कार्ड. ‘ड्रायव्हिंग रेंज, दहा धडे.’

‘‘अगं, या वयात मला गाडी शिकवतेस? बनशंकरीच्या या ट्रॅफिकमध्ये?’’ मी विचारलं.

लेक पोट धरून हसली. जावई हसले. आमचे हेसुद्धा हसले, पण त्यांनाही उमगलं नव्हतं हे मला नंतर कळलं. ड्रायव्हिंग रेंज म्हणजे गाडी शिकायची जागा नव्हे, गोल्फचा फटका मारायला शिकायची जागा. एका ओळीत उभं राहायचं, समोर मोकळं मैदान, बाजूला बादलीभर चेंडू, आणि मारत सुटायचं.

‘‘आई, तू अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलंस. आता जरा तू शिक,’’ लेक म्हणाली. तेव्हा ते वाक्य मी कौतुक म्हणून घेतलं. त्यात एक बारीक काटा होता हे समजायला पुढे तीन महिने लागले.

वाचकहो, या सदरात मी आजवर लोणच्यापासून लग्नापर्यंत बऱ्याच विषयांवर लिहिलं. गोल्फवर लिहीन असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमच्या कॉलनीत बातमी पसरायला एक सकाळ पुरली. देवळाच्या रांगेत, राहुकाळात लिंबाचे दिवे लावताना, शेजारच्या अम्मांनी विचारलंच, ‘‘ड्रायव्हिंग शिकताय म्हणे? कुठली गाडी घेतली?’’ मी म्हटलं, ‘‘गाडी नाही हो, गोल्फ.’’ त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की देवीपुढे माझ्यासाठी एक दिवा जास्त लावला असावा.

पहिल्या दिवशी सलवार-कमीज, पायांत मुलीचे जुने स्पोर्ट्स शूज आणि डोक्यावर यांची टोपी अशा थाटात मी पोचले. शिकवणारा मुलगा पंचविशीचा असेल. सावळा, किडकिडीत, फार कमी बोलणारा. लहानपणी बिडदीच्या बाजूला कॅडीचं काम करत होता, म्हणजे मोठ्या लोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकून त्यांच्यामागे चालायचं. पाहून पाहून शिकला आणि आता इतरांना शिकवतो. त्यानं माझ्या हातात सात नंबरची आयर्न दिली. गोल्फमध्ये काठ्यांना नंबर असतात. नंबर वाढला की काठी आखूड होते, तिचं पातं जास्त तिरपं होतं आणि चेंडू जास्त उंच, पण कमी लांब जातो. पिशवीत चौदापेक्षा जास्त काठ्या ठेवायला नियमानं मनाई आहे. नवशिक्याला मात्र एक सात नंबरची पुरते.

चेंडू समोर निवांत पडलेला. क्रिकेटसारखा अंगावर येत नाही, बॅडमिंटनच्या फुलासारखा उडत नाही. स्वस्थ बसून असतो. मनात म्हटलं, यात काय कठीण आहे? लहानपणी बेळगावला भावांबरोबर विटी-दांडू खेळलेली मी. काठी उचलली आणि दिली ठेवून.

चेंडू जागेवरच. पुन्हा मारलं. काठी चेंडूच्या मागे चटईवर आपटली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. तिसऱ्यांदा चेंडूच्या नुसत्या डोक्याला काठी लागली आणि तो चार हात गडगडत गेला. सात फटक्यांत एकही चेंडू जमिनीवरून उठला नाही. शेजारच्या खणात दहा-बारा वर्षांचा एक मुलगा आपले चेंडू ढगात पाठवत होता. माझे कान तापले. वर्गात फळ्यापुढे उभं केल्यावर गणित न येणाऱ्या मुलांचे कान लाल होतात, तसे.

तो मुलगा, म्हणजे माझा गुरू, एवढंच म्हणाला, ‘‘निधान, मॅडम, निधान.’’

कन्नडमध्ये ‘निधान’ म्हणजे सावकाश. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरलेलं धन. पस्तीस वर्षं बेंगळुरूत राहून हा शब्द हजारदा ऐकला होता, रिक्षावाल्याला तर मीच रोज सांगत होते. पण मला कोणी म्हणायची ही पहिलीच वेळ.

बड्यांचा खेळ?

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साहेब येतात. ते अगदी चूक नाही. इंग्रज भारतात आले तेव्हा हा खेळ पेटाऱ्यात घालून घेऊन आले. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वांत जुना. आमच्या बेंगळुरूचा गोल्फ क्लब १८७६ सालचा, भर शहरात हाय ग्राउंड्सला अजून उभा आहे. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शनिवार-रविवारची ती सोय.

पण चेंडूला मालक कोण आणि नोकर कोण हे समजत नाही. साहेबांच्या पिशव्या वाहणाऱ्या पोरांनी हा खेळ पाहून पाहून उचलला. दिल्लीचा अली शेर हा असाच कॅडी म्हणून वाढलेला. १९९१ साली त्यानं इंडियन ओपन स्पर्धा जिंकली, आणि १९९३ साली पुन्हा जिंकली. आमच्याकडचा चिक्करंगप्पा बिडदीजवळच्या गोल्फच्या मैदानालगतच्या खेड्यातला. घरची परिस्थिती साधी, पण आज तो व्यावसायिक खेळाडू आहे. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी आणि आपला मराठी उदयन माने हे दोघे तर टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचले.

आणि अदिती अशोक! तिची गोष्ट प्रत्येक आईबापानं ऐकावी अशी आहे. बेंगळुरूची ही मुलगी. आईवडील दोघांनाही गोल्फ येत नव्हतं. पाचेक वर्षांची असताना घरची मंडळी न्याहारीला बाहेर गेली, तिथून गोल्फचं मैदान दिसलं आणि पोरीनं हट्ट धरला. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानावर तिघंही एकदमच शिकायला लागली. रिओच्या ऑलिंपिकमध्ये २०१६ साली तिची पिशवी वडिलांनी वाहिली, टोकियोत आईनं. ७ ऑगस्ट २०२१ची ती पहाट मला आठवते. ज्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं अशी अर्ध्या देशातली माणसं टीव्हीपुढे बसली होती. जागतिक क्रमवारीत दोनशेच्या घरातली मुलगी शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या रांगेत होती. एका फटक्यानं ब्राँझ हुकलं आणि ती चौथी आली. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्रानं भाला फेकून सुवर्णपदक आणलं, त्या जल्लोषात अदितीचा चौथा नंबर थोडा झाकला गेला. पण चार दिवस खेळून एका फटक्याचं अंतर म्हणजे काय, हे मला आता कळतं. मला एका बादलीत एक फटका बरा लागला तरी त्या दिवशी घरी शिरा होतो.

काठी पकडण्यापासून सुरुवात

दुसऱ्या धड्याला माझ्या गुरूनं चेंडू काढूनच घेतला. ‘‘आज फक्त काठी धरायची.’’

मी काठी अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली. त्यानं खिशातून केळं काढलं आणि सोलून माझ्या हातात दिलं. ‘‘हे धरा. पडायला नको, चेपायलाही नको.’’ वाचकहो, गोल्फचा पहिला धडा एवढाच. हात आवळले की मनगटं लाकडाची होतात, खांदे कानापर्यंत चढतात आणि काठी फिरतच नाही. आपण नवशिके घाबरून आवळतो, आणि आवळल्यामुळेच चुकतो.

नंतर उभं राहणं. आपण बायका केर काढताना कमरेतून गोल वाकतो, तसं नाही. पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या सांध्यातून पुढे झुकायचं, गुडघे किंचित सैल ठेवायचे, हात खांद्यातून सरळ खाली लोंबू द्यायचे. चाळिशीनंतर गोल्फ सुरू करणाऱ्यांच्या तक्रारींत कंबरदुखी पहिल्या नंबरावर असते. गोल पाठीनं पिळलेलं शरीर कुरकुरणारच. उभं राहणं सुधारलं की फटकाही सुधारतो आणि मूव्हचा खर्चही वाचतो.

तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष झोका. हो, इंग्रजीत त्याला स्विंग म्हणतात, पण आपला झोका हा शब्दच जास्त खरा. मी त्याला दांडा समजत होते, म्हणून चुकत होते. चेंडूला मारायचं नसतं. काठीला झोका द्यायचा, चेंडू वाटेत येतो.

इथं माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. कंपास आठवतो? एक टोक रोवायचं, दुसरं फिरवायचं. झोक्याचं तसंच आहे. छातीचा मध्य हे रोवलेलं टोक, डावा हात आणि काठी मिळून त्रिज्या, आणि काठीचं पातं फिरवतं ते वर्तुळ. वर्तुळ चांगलं निघायचं तर टोक हलता कामा नये. मी वर जाताना उजवीकडे सरकत होते, खाली येताना डावीकडे, आणि शेवटी चेंडू कुठे गेला ते बघायला उठून उभी राहत होते. टोक सरकलेल्या कंपासनं वर्तुळ निघेल का? म्हणूनच कधी काठी मागे आपटत होती, कधी चेंडूच्या डोक्याला चाटून जात होती.

दुसरी मजा म्हणजे चेंडू उचलायला जाऊ नये. नवशिक्याला वाटतं, चेंडू वर जायचा तर काठीनं खालून उपसला पाहिजे. उलट आहे. पात्याचा तिरपेपणा चेंडूला आपोआप वर चढवतो. आपण खाली मारायचं, म्हणजे आधी चेंडू, मग त्याच्या पुढची जमीन. चांगल्या खेळाडूच्या फटक्यानंतर गवताचा तुकडा निघतो तो चेंडूच्या पुढून, मागून नव्हे.

चौथ्या-पाचव्या धड्यापर्यंत चेंडू उठायला लागला, पण गेला तो कायम उजवीकडे वळत. केळ्याच्या आकाराची वाट. याला स्लाइस म्हणतात आणि जगातल्या बहुतेक नवशिक्यांना तो छळतो. माझ्या मनानं घेतलं, की चेंडू उजवीकडे जातो तर आपण डावीकडे मारू. मग तो आणखी उजवीकडे वळायला लागला! आमच्या गुरूनं दोन पेन्सिली घेऊन समजावलं. एक पेन्सिल म्हणजे काठी ज्या वाटेनं आली ती वाट, दुसरी म्हणजे चेंडूला लागताना पात्याचं तोंड. चेंडू सुरुवातीला निघतो तो बराचसा तोंडाच्या दिशेनं, आणि वळतो तो वाट आणि तोंड यांतल्या कोनामुळे. मी वाट डावीकडे नेत होते आणि तोंड तसंच उघडं ठेवत होते, म्हणजे कोन वाढवत होते. जुन्या पुस्तकांत हे उलटं लिहिलेलं सापडतं, की निघतो तो वाटेच्या दिशेनं. गेल्या वीसेक वर्षांत चेंडूचा माग काढणारी रडार यंत्रं आली आणि ती समजूत मोडली. काठी आणि चेंडू यांची भेट होते जेमतेम सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरती. डोळ्यांना ती दिसणार कशी?

पाऊण आणि पाव

माझी सगळ्यांत मोठी खोड म्हणजे घाई. काठी वर गेली न गेली तोच खाली ओढायची. ‘‘निधान, मॅडम.’’ मी म्हणे, ‘‘अरे, सावकाशच तर मारतेय!’’

मग त्यानं मोबाइलवर माझं चित्रीकरण दाखवलं. स्वतःला असं बघायला धीर लागतो. मी सावकाश नव्हतेच. माशी मारत होते.

त्यानं एक हिशेब सांगितला, तो मला फार आवडला. अमेरिकेतल्या जॉन नोवोसेल नावाच्या गृहस्थांनी नामांकित खेळाडूंच्या फटक्यांच्या फिती चौकट-चौकट मोजल्या आणि २००४ साली त्यावर पुस्तक काढलं. कोणी उंच, कोणी बुटका, कोणाचा झोका जलद, कोणाचा संथ. पण वर जायला लागणारा वेळ आणि तिथून चेंडूपर्यंत खाली यायला लागणारा वेळ यांचं गुणोत्तर जवळजवळ सगळ्यांचं तेच, तीनास एक. साधारण पाऊण सेकंद वर, पाव सेकंद खाली. पाऊण अधिक पाव, एक. सगळा खेळ एका सेकंदाचा!

त्या दिवसापासून मी मनात मोजायला लागले. ‘एक, दोन, तीन’ म्हणत वर, ‘चार’ला खाली. आणि गंमत म्हणजे आकडे मोजण्यात मन गुंतलं की कोपर, मनगट, गुडघा, डोकं, सगळं विसरायला होतं. हे बरंच असतं. गॅब्रिएल वुल्फ या संशोधक बाईंनी गोल्फ शिकणाऱ्यांवरही प्रयोग केले आहेत. ज्यांना ‘हात कसा हलतोय ते बघा’ असं सांगितलं, त्यांच्यापेक्षा ‘काठी कशी झुलतेय ते बघा’ असं सांगितलेले शिकाऊ बरे शिकले. स्वतःच्या अवयवांवर पहारा ठेवणारा माणूस अडखळतो. जिना उतरताना आपण कुठला पाय पुढे टाकतोय याचा विचार करून पाहा, पडायची वेळ येईल.

किती वेळा सांगायचं?

सहाव्या धड्याला मी फारच वाईट खेळले. आदल्या आठवड्यात जमलेलं सगळं पुसून गेलं होतं. बादली अर्धी झाली, आणि मी काठी खाली टाकून म्हणाले, ‘‘माझ्या डोक्यात शिरतच नाही बघ. तू किती वेळा सांगणार?’’

तो चेंडू गोळा करत होता. वर न बघता म्हणाला, ‘‘लागेल तितक्या वेळा, मॅडम.’’ मग थोडा थांबून म्हणाला, ‘‘मी दहावीला गणितात नापास. आमच्या मिस म्हणायच्या, किती वेळा सांगायचं तुला. मग मी विचारायचंच सोडलं.’’

त्याची शाळा वेगळी, मी वेगळ्या शाळेत. त्याच्या त्या मिस मी नव्हते. पण ते वाक्य माझंच होतं. अठ्ठावीस वर्षांत किती हजार वेळा मी ते म्हटलं असेल! पहिल्या बाकावरच्या पोरांसाठी मी चांगली शिक्षिका होते. निकाल चांगले लागायचे, मुख्याध्यापिका खूश, पालक खूश. शेवटच्या बाकावर बसून मान खाली घालणाऱ्या एका मुलीचा चेहरा मात्र त्या दुपारी डोळ्यांपुढे आला, तो हलेना. तिला अपूर्णांक यायचे नाहीत. मी तिला फळ्यापुढे उभी करायची. पुढे पुढे गणिताच्या तासाला तिचं पोट दुखायला लागलं. पोटदुखी खोटी, असं मी डायरीत लिहिलं होतं. खोटी नव्हती. पहिल्या दिवशी चटईवर काठी आपटल्यावर माझ्याही पोटात तेच झालं होतं.

त्या संध्याकाळी लेकीला फोन केला. ‘‘तू मला गोल्फ का दिलास गं?’’

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘आई, रागावू नकोस. चिंगी तुझ्याकडे अभ्यासाला यायला नको म्हणते. आजी ओरडते म्हणते. तुला नुसतं सांगून पटलं नसतं.’’

चिंगी माझी नात, चौथीतली. गेले सहा महिने ती शनिवारी यायची बंद झाली होती. क्लास आहे, वाढदिवस आहे, खोकला आहे, अशी कारणं यायची आणि मी ती खरी मानत होते. मी फोन ठेवला. हे पेपर वाचत होते. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘‘मला ठाऊक होतं. पण तुला कोण सांगणार?’’ चाळीस वर्षांच्या संसारात इतकं खरं आणि इतकं झोंबणारं वाक्य ते क्वचितच बोलले असतील.

नात येते

आठव्या धड्याला मी मुद्दाम चिंगीला बोलावलं. ‘‘आजीला गोल्फ येत नाही, बघायला ये,’’ असं निमंत्रण दिलं. आली. खुर्चीवर पाय हलवत बसली. मी चार चेंडू चुकवले, ती खुदुखुदु हसली. पाचवा चुकवला तेव्हा म्हणाली, ‘‘आजी, तो दादा तुला ओरडत नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तू रडत का नाहीस?’’

उत्तर मला देता आलं नाही. म्हटलं, ‘‘तू मोज. मी काठी वर नेताना एक-दोन-तीन म्हण, चारला मी मारते.’’ तिनं मोठ्यानं मोजलं. आजूबाजूचे साहेबलोक वळून बघायला लागले. चौथ्या की पाचव्या खेपेला ‘चार’ म्हणताना तिचा आवाज आणि काठीचा आवाज एक झाला. हाताला काहीच लागलं नाही. चेंडू चांगला लागला की हाताला तो जाणवतच नाही, लोण्यातून सुरी गेल्यासारखं होतं. तो उठला, सरळ गेला आणि शंभर यार्डांच्या पाटीच्या जरा अलीकडे पडला. चिंगीनं उडी मारली. आमच्या गुरूनं फक्त मान हलवली, पण हसला.

त्यानंतरचे सहा चेंडू पुन्हा वाया. हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल आजींना खेळ आला.

शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

हे वाचून कोणाच्या मनात आलं, तर दोन-चार गोष्टी सांगते. एकदम काठ्यांचा संच घेऊ नका, रेंजवर भाड्यानं मिळतात. क्लबाचं सभासदत्व हा लाखांचा मामला आहे, पण बादलीभर चेंडू मारायला सभासद व्हावं लागेलच असं नाही. आपल्या शहरात चौकशी करा. पाठीचा, गुडघ्याचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला दहा मिनिटं हात-खांदे सैल करा. आठवड्यातून एकदा दोनशे चेंडू मारण्यापेक्षा तीनदा पन्नास बरे. शंभर चेंडू एकाच काठीनं एकाच दिशेला मारले तर त्या दिवशी भारी वाटतं, पण पुढच्या आठवड्यात टिकत नाही. काठी बदला, दिशा बदला. सराव जरा कठीण जातो, शिकलेलं मात्र जास्त टिकतं. आणि एका दिवशी एकच सूचना मनात ठेवा.

तब्येतीचं म्हणाल, तर २००८ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी सुमारे ३ लाख गोल्फ खेळणाऱ्यांची पाहणी केली. त्यांच्यातला मृत्युदर त्याच वयाच्या आणि आर्थिक स्थितीच्या इतर लोकांपेक्षा ४० टक्के कमी दिसला. गणिताच्या बाईला एवढ्यानं भुलता येत नाही. धडधाकट माणसंच खेळायला जात असतील, हाही भाग आहे. पण अठरा खळग्यांचा पूर्ण डाव म्हणजे सहा-सात किलोमीटर चालणं, तेही मोकळ्या हवेत. ते वाईट कसं असेल?

मनाला एक टोचणीही आहे, ती लपवत नाही. २०२४च्या उन्हाळ्यात बेंगळुरूच्या बोअरवेल आटल्या, आमच्या भागात टँकरची वाट बघत लोक घागरी मांडून बसले, आणि शहरातल्या हिरव्यागार मैदानांकडे पाहून लोक चिडले. ते चिडणं रास्त होतं. हिरवळ राखायला खूप पाणी लागतं. ते सांडपाणी शुद्ध करून वापरावं, पिण्याच्या पाण्याला हात लावू नये, हे खेळणाऱ्यांनीच आग्रहानं म्हटलं पाहिजे. मी तरी म्हणते.

दहा धडे संपले. मी आणखी दहा घेतले, या वेळी स्वतःच्या पेन्शनमधून.

गेल्या शनिवारी चिंगी आली, न बोलावता. दप्तरातून गणिताची वही काढली. अपूर्णांक. तीन चतुर्थांश अधिक एक चतुर्थांश. तिनं लिहिलं होतं, चार अष्टमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. माझ्या ओठांवर ते जुनं वाक्य आलंच होतं. मी काठी नव्हे, पेन्सिल हातात धरली होती, तरी बोटं आवळली गेली. ती सैल सोडली.

‘‘चिंगे, आजी काठी वर नेते तेव्हा तू किती मोजतेस?’’

‘‘तीन.’’

‘‘आणि खाली?’’

‘‘एक.’’

‘‘वरच्याला आपल्या मराठीत म्हणतात पाऊण, खालच्याला पाव. दोन्ही मिळून आजीचा किती झोका झाला?’’

तिनं हवेत काठी फिरवली. ओठ हलले. मग माझ्याकडे संशयानं पाहिलं, आता ही ओरडणार की काय, अशा नजरेनं. मी गप्प बसले. फार कठीण असतं हो गप्प बसणं, सात नंबरच्या आयर्नपेक्षा कठीण.

‘‘एक अख्खा,’’ ती म्हणाली.

पुढचं गणित चुकलं. त्याच्या पुढचंही. तिसऱ्या वेळी समजावताना स्वयंपाकघरातून यांचा आवाज आला, ‘‘निधान, मॅडम, निधान!’’